रग्बीत रेफरीशी वाद घालायच्या आधी हे वाचा

पुण्यात नव्याने रग्बी खेळायला लागलेली पोरं आणि साईडलाईनला छत्री धरून ओरडणारे त्यांचे आईबाबा, दोघांसाठी लिहितोय. आपण सगळे गल्ली क्रिकेटमधून आलोय, कोथरूड असो नाहीतर हडपसर, अंपायर बॅटिंग टीमचाच असतो आणि आउट दिलं की अर्धा तास चर्चासत्र. रग्बीत हे चालत नाही. रेफरीच्या निर्णयावर वाद घालायचा नाही असं नियमातच आहे, म्हणजे वाद हाच फाउल.

आणि तो महागात पडतो. समजा मधल्या रेषेवर तुमच्या विरुद्ध पेनल्टी दिली, तिथून गोलवर किक मारणं क्लबच्या मॅचमध्ये सहसा कोणाला झेपत नाही. तेवढ्यात आपला कोणीतरी म्हणतो "ओ सर, काय बघताय?" रेफरी काही न बोलता १० मीटर पुढे चालत जातो. मग दुसरा शहाणा मुद्दाम टाळ्या वाजवतो, अजून १० मीटर. आता पेनल्टीची खूण आपल्या गोललाईनपासून ३० मीटरवर, समोरचा किकर शांतपणे टी (बॉल ठेवायचा छोटा स्टँड) मागवतो आणि ३ पॉइंट घेऊन जातो.

मग विचारायचंच नाही का? विचारा की, पण कॅप्टनने, खेळ थांबलेला असताना, आणि निर्णय बदलून घ्यायला नाही तर पुढचं कळायला. "सर, आमच्या ७ नंबरचं रकमध्ये काय चुकतंय?" (रक म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठी दोन्ही टीमची उभ्याने ढकलाढकली) याला बहुतेक रेफरी नीट उत्तर देतात. मात्र स्ट्रॅटेजी विचारू नका. २०१७ मध्ये इटलीने रकमध्ये माणसंच घातली नाहीत, त्यामुळे ऑफसाईडची रेषाच (जिच्या मागे थांबावं लागतं ती) तयार होईना, इंग्लंडचे खेळाडू गोंधळून रेफरी रोमां प्वात यांनाच आता काय करायचं ते विचारायला लागले, तर ते म्हणाले मी रेफरी आहे, कोच नाही.

"शिट्टी का नाही मारली?" हा तर साईडलाईनचा लाडका प्रश्न. रेफरीचा हात आडवा दिसला की समजा ॲडव्हांटेज चालू आहे, फाउल त्याने पाहिलाय, फक्त ज्यांच्यावर झाला त्यांना फायदा होतोय का ते बघतोय, आणि तो किती वेळ बघायचा हे तोच ठरवणार. तुम्ही हात वर करून थांबू नका, खेळत रहा. बॉल रेफरीला लागला तरी तेच, कोणाला त्यातून फायदा झाला तरच स्क्रम (दोन्ही टीम वाकून एकमेकांना ढकलतात आणि मध्ये बॉल टाकून खेळ परत सुरू होतो), नाहीतर खेळ चालू.

टीव्हीवर बघून लोकांना वाटतं की कधीही रिप्ले मागता येतो. आपल्या मॅचला टीएमओ (रिप्ले बघून रेफरीला सांगणारा ऑफिशियल) नसतोच, पण जिथे असतो तिथेही काय तपासायचं याला मर्यादा आहेत. २०१५ च्या वर्ल्डकपमध्ये स्कॉटलंड-ऑस्ट्रेलिया क्वार्टर फायनलला रेफरी क्रेग जूबेर यांनी शेवटी शेवटी ऑफसाईडची पेनल्टी दिली, ऑस्ट्रेलिया ३५-३४ जिंकली, नंतर वर्ल्ड रग्बीने सांगितलं की स्क्रम द्यायला हवा होता, पण तो प्रसंग टीएमओकडे पाठवायची त्यांना परवानगीच नव्हती. रिझल्ट तसाच राहिला. उलट २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला न्यूझीलंडच्या सॅम केनचं यलो कार्ड बंकरमधल्या (मैदानाबाहेर बसून रिप्ले बघणाऱ्या) ऑफिशियलने तपासून रेड केलं, म्हणजे तिथे मैदानावरच्या रेफरीकडे शेवटचा शब्द नव्हता.

पालकांनी हे मात्र नक्की वाचा. पोराच्या डोक्याला लागलं, ते म्हणतंय मी ठीक आहे, कोच म्हणतो पाचच मिनिटं राहिलीत, तरी रेफरी त्याला बाहेर काढू शकतो, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. कन्कशनचा (मेंदूला धक्का बसल्याचा) नुसता संशय असला तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही. इथे रेफरीशी भांडणाऱ्या पालकांचं मला खरंच नवल वाटतं.

स्कोअर आणि घड्याळही रेफरीचंच, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. ८० मिनिटं झाली म्हणून मॅच संपत नाही, बॉल डेड व्हावा लागतो, आणि पेनल्टी दिली असेल तर ती खेळावीच लागते. वेळ संपलाय, तुम्ही पुढे आहात आणि पेनल्टी तुम्हाला मिळालीये तर सरळ बाहेर मारू नका, तसं केलं तर लाईनआउट (बाजूच्या रेषेवरून बॉल आत फेकणं) होणार आणि बॉल परत खेळात येणार. आधी पायाने टॅप करा, हातात घ्या, मग टचला (बाजूच्या रेषेबाहेर) मारा.