पोलीस भरती आणि जुनी गांजाची केस : फॉर्म भरताना या चुका टाळा

1600 मीटर साडेसहा मिनिटांच्या आत मारणारी पोरं आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागात, ढीगभर आहेत, खानापूर बघा, हुक्केरी बघा, पहाटे पाचला रस्त्यावर तीच पळताना दिसतात. गाडी अडते ती व्हेरिफिकेशनला, म्हणजे जुन्या केसा आणि चारित्र्य तपासतात तिथं. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, भरती निघाली की एखादं पोरगं गर्दी ओसरेपर्यंत बाहेर थांबतंय आणि मग हळूच विचारतंय, "अण्णा, एक जुनी केस हुती, ती लिव्हायची काय?"

जवळजवळ सगळ्यांची कथा तीच. कॉलेजची पोरं माळावर बसलेली, जीप आली, उचलून सरकारी दवाखान्यात नेलं, तपासणीत गांजा ओढल्याचं निघालं, केस पडली. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा 1985, कलम 27 ब. गांजा ओढल्याबद्दल जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (निपाणीच्या तंबाखूला हा कायदा लागत नाही, हेपण विचारणारे भेटलेत म्हणून सांगतो.)

"दंड भरला की, केस कुठं राहिली?"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोर्टात कुणीतरी कानात सांगतंय, कबूल कर, दंड भर, तारखांना फिरत बसू नकोस. पोरगं दंड भरतंय, पावती खिशात घालतंय, घरात सांगतंय सुटलो म्हणून. पण गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे कोर्टाच्या भाषेत दोषी ठरणं, दंड पाचशेचा असो नाहीतर पाच हजाराचा. चार वर्षांनी फॉर्ममध्ये प्रश्न येतो, कधी अटक झाली का, खटला चालला का, दंड किंवा शिक्षा झाली का, आणि हा बिनधास्त "नाही"वर टिक मारतो. खोटं बोलायचं त्याच्या मनात नसतंयही, त्याला वाटतंय आपण सुटलोय. व्हेरिफिकेशनला ती लपवाछपवी म्हणूनच धरली जाऊ शकते.

त्यात आपल्याकडं आणखी एक घोळ. कागद सगळे कन्नडमध्ये. पोराला बोलायला फर्स्टक्लास येतंय, पण मराठी मीडियमवाला कोर्टाची ऑर्डर वाचताना अडखळतो आणि लाजून कुणाला दाखवतही नाही. तर फॉर्म भरायच्या आधी कोर्टातून ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढा आणि कन्नड चांगलं वाचणाऱ्या वकिलाकडून नीट समजून घ्या. बी रिपोर्ट झालाय (म्हणजे पोलिसांनीच तपास बंद केल्याचा अहवाल दिलाय), निर्दोष सुटलाय, दंड झालाय की केस अजून चालूच आहे, या चारही गोष्टी वेगळ्या आहेत. ई-कोर्टच्या साइटवर नाव किंवा एफआयआर नंबर टाकला की केसची स्थिती बऱ्याचदा घरबसल्या दिसते, माझ्याकडं एकाला तिथंच कळलं की त्याची "मिटलेली" केस मिटलेलीच नव्हती.

खरं लिहिलं तर काय, लपवलं तर काय

सुप्रीम कोर्टाचा 2016 चा अवतार सिंग निकाल यात महत्त्वाचा. थोडक्यात, फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलंय त्याची माहिती खरी हवी, आणि जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून लपवलं असं म्हणता येत नाही. किरकोळ प्रकरण असेल, म्हणजे तरुणपणी घोषणा दिल्या वगैरे, तर लपवलेलं असूनही खातं माफ करू शकतं. घोषणांचं उदाहरण कोर्टानंच दिलंय, आपल्याकडं 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवादिवशी, मराठी लोक निषेधाचा काळा दिन पाळतात, त्याच्या केसा अंगावर असलेल्या पोरांना ते वाचून जरा बरं वाटतंय. पण गांजाची केस त्याच तराजूत बसेल असं धरून चालू नका. आणि कटू गोष्ट म्हणजे, सगळं खरं लिहूनही खातं तुमची पार्श्वभूमी बघून नाही म्हणू शकतं, नोकरी द्याच असं कोर्ट म्हणत नाही. तरी खरं लिहिणाऱ्याला आपली बाजू मांडायला जागा राहते, लपवणाऱ्याला एका केसच्या जागी दोन गोष्टींचं उत्तर द्यावं लागतंय.

"महाराष्ट्रात फॉर्म भरतो, तिकडं कुणाला कळूलालंय!"

महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी पोरांना 15 वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या भरतीत उतरता येतं, म्हणून हा विचार डोक्यात येतो. कळतंय बाबांनो. चौकशी तुमच्या राहत्या पत्त्यावरच्या स्टेशनला येते, म्हणजे फिरून त्याच ठाण्यात, आणि सीसीटीएनएस या पोलिसांच्या कॉम्प्युटर नेटवर्कमुळं देशभरातली ठाणी जोडलेली आहेत. इकडच्या फॉर्ममध्ये केस लिहायची आणि तिकडच्या फॉर्ममध्ये "निरंक", असलं तर अजिबात करू नका.

अठरा वर्षांच्या आत केस झाली असेल तर मात्र गोष्ट बदलते. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 24 मुळं अशा प्रकरणानं अपात्रता चिकटत नाही (16 वर्षांवरच्यांना सज्ञान धरून खटला चालला असेल तर अपवाद), आणि कलम 74 प्रमाणं बंद झालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी द्यायची नसते. वकिलाला हे आधी विचारा, घाबरून भलतंच काही लिहू नका.

केस नाही, पण सवय होती किंवा आहे

एकदा कधीतरी ओढलं आणि सोडलं, त्याचं कुठंच रेकॉर्ड नसतंय. पण मेडिकलला डॉक्टरनं विचारलं तर खोटं बोलू नका. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस सापडू शकतो, लिंबू-सोडा पिऊन तो धुतला जातो हे पानपट्टीवरचं ज्ञान. पंजाबनं तर 2018 मध्ये सरकारी भरतीलाच डोप टेस्टचं धोरण आणलं. ग्राऊंडसाठी दम वाढवायला कुठलं तरी इंजेक्शन घेणारी पोरं वेगळीच, त्यांना हात जोडून सांगतो, हृदयाशी खेळू नका.

सुटत नसेल तर उपचार घ्या. "नाव लागेल" म्हणून दवाखान्यात न जाणारे बघितलेत मी, पण मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, आणि त्यात नशेशी जोडलेले मानसिक त्रासही येतात. वर केस चालू असेल तर एनडीपीएसच्या कलम 64 अ खाली, व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला तर खटल्यातून सूट मिळू शकते, फक्त उपचार अर्ध्यावर सोडायचे नाहीत, नाहीतर सूट काढून घेता येते. गुन्हा कबूल करून दंड भरायच्या आधी वकिलाला हे विचारलं असतं तर माझ्याकडं येणाऱ्या दोघा-तिघांचं चित्र वेगळं असतं. 14446 हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे, घरच्यांनी फोन केला तरी चालतंय.

फॉर्ममध्ये केस लिहायची झाली तर "किरकोळ केस होती" एवढं लिहून ठेवू नका. ठाणं, एफआयआर नंबर, कलम, कोर्ट, निकालाची तारीख, निकाल काय, सगळं लिहा, जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोडा, ऑर्डरची कॉपी लावा, आणि त्या सगळ्याची एक झेरॉक्स स्वतःकडं ठेवा, कारण पुढं चौकशीला बोलावतात तेव्हा आपण काय लिहिलं होतं तेच आठवत नाही.