टायमिंग चेन वाजायला लागली तर काय करायचं, आणि वाजूच नये म्हणून काय

टायमिंग चेन म्हणजे इंजिनात खालच्या क्रँकशाफ्टला वरच्या, वाल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टशी जोडून दोघांचा मेळ राखणारी चेन. सकाळी थंड इंजिनला सेल मारल्यावर पहिले दोन-चार सेकंद पट्ट्याच्या बाजूनं खडखड येतं आणि मग गप्प होतं, असं असेल तर टॅपेटचा (वाल्व दाबणाऱ्या भागाचा) आवाज म्हणून सोडून देऊ नका. टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, बहुतेक गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रभरात प्रेशर उतरतं, आणि चेन सैल झाली असेल तर प्रेशर येईपर्यंत ती गाइडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या पट्टीवर, आपटत राहते. या टप्प्यावर काम केलं तर चेनकिटवर भागतं, पुढं गेलं की हेड (इंजिनचा वरचा, वाल्व असलेला भाग) उतरवावं लागतं.

चेन लांब होते म्हणजे लोखंड ताणतं असं नाय, सायकलच्या चेनसारखे पिन आणि बुश झिजतात, एका कडीत केसाएवढा फरक पण सगळ्या कड्यांचा मिळून कॅम मागं पडतो. मग पिकअप जातो, चेक इंजिन लाइट येते, स्कॅनरवर पी००१६ दिसतो, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाय. हा कोड सेन्सर किंवा वायरिंगनं पण येतो, पण आवाज आणि कोड दोन्ही असतील तर नुसता सेन्सर बदलून गाडी घेऊन जाऊ नका.

झिजवतं कोण, तर बहुतेक वेळा जुनं ऑइल. डिझेलमध्ये काजळी ऑइलमध्ये उतरते आणि पिन घासते. आपल्याकडं कोल्हापुरात गळीत हंगामात कागल, शिरोळच्या रस्त्यांना ऊसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, किलोमीटर कमी पण इंजिनचे तास वाढतात, आणि नुसतं शाहूपुरी ते रंकाळा करणाऱ्याचं इंजिन तर नीट तापतच नाय. अशा वापराला १०,००० किलोमीटरची वाट बघू नका, ६-७ हजारला किंवा आठेक महिन्यांत, जे आधी होईल तेव्हा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. ग्रेड मॅन्युअलमधलाच, घट्ट ऑइल टाकून आवाज दाबायचा सल्ला ऐकू नका. मधनंमधनं डिपस्टिक बघा, ऑइल कमी झालं की टेन्शनरचं बळच जातं. पन्हाळ्याच्या चढाला गाडी लावताना आधी हँडब्रेक आणि मग गिअर, कारण गाडीचा भार गिअरवर येऊन इंजिन उलटं ढकललं गेलं तर सैल चेन दात सोडू शकते, आणि वाजणाऱ्या गाडीला धक्का स्टार्ट तर नकोच.

आता कामाचं. फक्त चेन बदलू नका राव, चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) आणि पुढचा ऑइल सील असं पूर्ण किट टाका, मजुरी एवढी जाते की अर्धं काम परवडत नाय. फिटरला आधीच विचारा की त्या इंजिनचं, क्रँक-कॅम जागेवर धरून ठेवणारं लॉकिंग टूल हाय का, कारण काही इंजिनांत स्प्रॉकेटला शाफ्टवर जागा धरणारी चावीच नसते, नुसत्या बोल्टच्या दाबावर टायमिंग धरलेलं असतं, तिथं अंदाजपंचे काम म्हणजे वाट लागली. क्रँक पुलीचा बोल्ट नवा घ्या आणि टॉर्क रेंचनं आवळा. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवला तर ऑइलची जाळी बघाच, गाइडचे प्लॅस्टिकचे तुकडे तिथंच अडकतात आणि नवी चेन पण ऑइलविना उपाशी मरते. टायमिंग लावलं, टेन्शनरची पिन काढली की क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठं अडकलं तर जोर लावू नका. दोन फेऱ्यांनंतर चेनच्या रंगीत कड्या परत खुणेवर येत नाहीत, घाबरू नका, स्प्रॉकेटच्या खुणा जुळल्या की झालं. मग फ्युएल बंद ठेवून थोडा थोडा सेल मारून ऑइल वर चढू द्या.

गाडी चालता चालता बंद पडली आणि सेल मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतंय, तर तिथंच थांबा. चेन सुटली असेल तर बहुतेक इंजिनांत वाल्व पिस्टनला धडकतात आणि प्रत्येक सेलला नुकसान वाढतं. टो करा. किट विकत घ्यायच्या आधी कम्प्रेशन किंवा प्लगच्या भोकातनं कॅमेरा टाकून तपासणी करून घ्या. वाल्व वाकले असतील तर हेड उद्यमनगरला मशिनशॉपमध्ये द्या, तिथं फेस, गाइड, सीट सगळं बघून देतात. डिझेलला हेड गॅस्केटची जाडी मापून घेतात, कुठलीही चालत नाय.

आणि सेकंडहँड घेताना मालकाला सांगून ठेवा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका, कारण हा आवाज थंड इंजिनलाच कळतो. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.