बुडालेल्या गुहेची मोजणी

बाबा मोजणी खात्यात होते. सुट्टीत त्यांच्या साखळीचं टोक धरून मी बांधावर उन्हात उभी राहायचे. आता मेक्सिकोत, तुलुमजवळच्या जंगलाखालच्या बुडालेल्या गुहा मोजते. साखळीच्या जागी गाठींची दोरी आली, एवढंच.

नुसतं समुद्रातल्या डायव्हिंगचं कार्ड इथे चालत नाही. डोक्यावर चुनखडीचं छत असतं, घाबरून वर येता येत नाही. गुहेचं पूर्ण प्रशिक्षण आधी, मोजणी नंतर.

दोरी घरीच तयार करा, दर 3 मीटरला गाठ. पहिलं टोक उघड्या पाण्यात बांधा आणि तिथून आत अखंड नेत जा. वळण आलं की खडकाला वेढा द्या. ते झालं एक स्टेशन. दोरी ताठ हवी, सैल दोरी खोटं माप देते.

मोजायचं परतीच्या वाटेवर. नियम असा की एक तृतीयांश हवा संपली की वळायचं, रिळात कितीही दोरी उरली असली तरी. पण मोजत परतताना वेळ जातो, म्हणून मी त्याआधीच वळते.

प्रत्येक स्टेशनवर पाटीवर लिहा: खोली, पुढच्या स्टेशनची दिशा, मधल्या गाठी. दोन्ही भिंती, छत आणि तळ किती लांब, ते अंदाजाने. पाय तळाला लागू देऊ नका. गाळ उठला की स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, मग दोरी मुठीत धरूनच बाहेर यावं लागतं. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं त्या थरात सगळं पाकातून बघितल्यासारखं दिसतं. तिथे आकडे वाचू नका, थोडं वर किंवा खाली सरका.

माझ्या टॉर्चच्या बटणात चुंबक आहे. पहिल्या वर्षी होकायंत्र त्याच हातात धरलं. घरी आकडे भरले, तर निघालेल्या स्टेशनलाच परत आलेली दोरी कागदावर 8 मीटर लांब जाऊन पडली. आता टॉर्च एका हातात, होकायंत्र दुसऱ्या, आणि जोडीदार पलीकडच्या टोकावरून उलटी दिशा वाचतो. दोघांच्या आकड्यांत 180 अंशांचा फरक यायलाच हवा.

पाच गाठी म्हणजे 15 मीटर, पण खोली 4 वरून 13 मीटरवर गेली असेल तर नकाशावर अंतर 12 मीटरच. सर्वेक्ससारखं सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. तरी पहिले दोन-तीन टप्पे मी हातानेच काढते.

स्टेशनांना नंबर द्या, जुन्या दोरीला कुठे जोडलंत तेही लिहा. 2018 च्या जानेवारीत इथल्याच साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन बुडालेल्या गुहांना जोडणारी वाट सापडली, एकूण लांबी 347 किलोमीटर झाली. प्रथेप्रमाणे लहानीने मोठीचं नाव घेतलं, सासरचं आडनाव लागावं तसं.

आकडे त्याच संध्याकाळी भरा. आणि पाटी पुसण्याआधी तिचा फोटो काढा. मी एकदाच नव्हता काढला.