पहिल्या ड्रिपच्या आधी

दादाच्या वेळी यादी मीच केली होती, जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर. नैराश्यात बुडालेल्या माणसाला स्वतःची फाइल लावायचं बळ नसतं. ते काम बहिणीने, बायकोने, नाहीतर एखाद्या मित्राने अंगावर घ्यायचं. केटामाइन हे मुळात भुलीचं औषध, हट्टी नैराश्यावर ते ड्रिपमधूनही देतात. इंदूरला आणखी कुणाच्या घरी त्याचा विषय निघाला असेल, तर ही पानं त्यांच्यासाठी.

आधी जुने पर्चे शोधा. नैराश्यावरची किमान दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडला नाही, की साधारण तेव्हा डॉक्टर केटामाइनचं नाव काढतात. ‘खूप गोळ्या झाल्या हो’ एवढ्याने भागत नाही. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, बंद का केली, हे तारीखवार लिहा. आमचे अर्धे पर्चे रद्दीत गेले होते. वहिनीने मेडिकलवाल्याकडून जुनी बिलं काढून आणली आणि त्यांवरून आम्ही तारखा जुळवल्या. विमा कंपनीने पुढे पहिल्यांदा तोच कागद मागितला.

तब्येतीचं काहीही लपवू नका. केटामाइनने काही वेळ रक्तदाब चढतो, म्हणून बीपी आटोक्यात नसेल तर आधी ते बघतात. हृदयविकार, काचबिंदू, गरोदरपण, कधीकाळी भास-भ्रम झालेले असणं, दारूची किंवा नशेची सवय हे सगळं विचारण्याआधीच सांगा. झोपेसाठी क्लोनाझेपामसारखी गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण तिने केटामाइनचा गुण कमी पडू शकतो. मात्र ती मनाने बंद करायची नाही.

औषध स्वतः आणायच्या भानगडीत पडू नका. एमवाय या सरकारी इस्पितळाजवळच्या दवा बाजारात सगळं मिळतं अशी आपली इंदूरकरांची श्रद्धा आहे, पण हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. शिवाय 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार शेड्यूल एक्सचं औषध फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून देता येत नाही. घरपोच केटामाइन देऊ म्हणणाऱ्याचा नंबर तिथेच ब्लॉक करा.

आता पैसे. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तरी फसले. संशोधनात रुळलेली मात्रा आहे वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, 40 मिनिटांत शिरेतून. दादाचं वजन 70, म्हणजे 35 मिलिग्रॅम. बाटलीत एका मिलीलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका वेळचं औषध एक मिलीसुद्धा भरत नाही, आणि औषध मुळात स्वस्त. मग बिल कशाचं? पलंगाचं, मॉनिटरचं, भूलतज्ज्ञाचं आणि नंतर तासन्‌तास लक्ष ठेवणाऱ्या नर्सचं. म्हणून ‘एका ड्रिपचे किती?’ असं विचारूच नका. भूलतज्ज्ञाची फी धरून, आधीच्या तपासण्या धरून, ठरलेल्या सगळ्या ड्रिपचे मिळून किती, ते कागदावर मागा. मी तोंडी आकड्यावर विसंबले. भूलतज्ज्ञ त्यात नव्हते, ते दुसऱ्या ड्रिपच्या बिलात उगवले. आणि सहावर हिशेब संपत नाही. बहुतेक ठिकाणी दोन-तीन आठवड्यांत सहा देतात, पण गुण ओसरू शकतो. पुढे अधूनमधून द्यावी लागली तर दर काय, आणि चौथ्यापर्यंत फरक दिसला नाही तर थांबायचं का, हेही तेव्हाच विचारा. नेटवरचे डॉलरमधले आकडे बघून घाबरू नका, ते अमेरिकेतल्या क्लिनिकचे असतात.

मेडिक्लेम असेल तर आशा ठेवा, भिस्त ठेवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं 21 वं कलम सांगतं, की मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमासंरक्षण द्यायचं. पण केटामाइनला मान्यता आहे ती भुलीचं औषध म्हणून. नैराश्यासाठी डॉक्टर ते आपल्या निर्णयावर वापरतात, आणि कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवू शकते. शिवाय माणूस 24 तास दाखल नसतो. पॉलिसीतली डे-केअरची, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांची यादी वाचा, ओपीडीचं कलम वाचा आणि पूर्वमंजुरी लेखी मागा. नकार आला तर तोही लेखी घ्या. कंपनीकडे तक्रार करूनही 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर भोपाळचं विमा लोकपाल कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही.

पैसे जुळेपर्यंत एमवायच्या मानसोपचार ओपीडीत दुसरं मत घ्या. शॉक ट्रीटमेंटबद्दलही विचारा; नावाला दचकू नका, आता ती भूल देऊनच देतात. आणि या वाट बघण्याच्या दिवसांत जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलणं निघालं, तर यादी बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीत न्या. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

ड्रिपच्या दिवशी सोबत एक जण हवाच. सैल कपडे, चार्ज केलेला फोन, जुन्या रिपोर्टांची पिशवी. औषध चढताना माणूस स्वतःपासून तुटल्यासारखा वाटतो, असंबद्ध बोलतो. दादाला खोली लांबट दिसत होती. ते उतरतं. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायची नाही, तेव्हा स्कूटर घरीच ठेवा आणि सह्या-व्यवहारही नकोत. किती तास उपाशी राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, पण सकाळची वेळ असली तर पोहे-जिलेबी नाही म्हणजे नाही. पोहे खायचे ते घरी परतल्यावर, तेही मळमळ थांबली तर.