व्यवसाय मिळवून देणारे लिंक्डइन प्रोफाइल

ज्याला काम द्यायचे आहे तो आपले प्रोफाइल वाचत नाही, चाळतो. म्हणून नाव, छायाचित्र आणि नावाखालची ओळ, म्हणजेच हेडलाइन, यांवर सर्वाधिक मेहनत घ्यावी. हेडलाइनसाठी लिंक्डइन 220 अक्षरांची मुभा देते, पण आपण काही लिहिले नाही तर तिथे केवळ हुद्दा आणि कंपनीचे नाव झळकते, आणि त्यावरून आपण कोणाच्या कोणत्या अडचणीवर उपाय करतो हे कळत नाही. ‘संचालक’ किंवा ‘सल्लागार’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘लहान कारखान्यांचे हिशेब आणि करविवरणपत्रे वेळेत पूर्ण करून देतो’ असे लिहावे. गरजू माणूस शोधताना जे शब्द टाकेल, तेच या ओळीत असावेत. ‘ध्येयवेडा’, ‘उत्साही’ ही विशेषणे मात्र खुशाल गाळावीत, कारण ती प्रत्येकानेच लावलेली असतात.

छायाचित्र अलीकडचे, चेहरा स्पष्ट दिसणारे असावे.

‘अबाउट’, म्हणजे स्वतःविषयी सांगण्याच्या, विभागात 2,600 अक्षरे मावतात, तरी उघडण्यापूर्वी सुरुवातीच्या मोजक्याच ओळी दिसतात; तेव्हा शिक्षणापासून आरंभ न करता ग्राहकाच्या प्रश्नापासून करावा, त्यानंतर पूर्ण केलेल्या एखाद्या कामाचे, ग्राहकाची परवानगी घेऊन, नेमके वर्णन द्यावे आणि शेवटी संपर्काचा मार्ग नोंदवावा. शिफारसपत्र मागताना ‘चार शब्द लिहा’ असे मोघम न सांगता कोणत्या कामाविषयी लिहावे ते सुचवावे. नव्या ओळखीला पहिल्याच संदेशात दरपत्रक पाठवू नये.