कोंबडा अंगावर येतो? पळू नका

परसातला गावरान कोंबडा 5-6 महिन्यांचा झाला, नीट आरवू लागला, की कधीकधी घरच्याच माणसांवर धावून येतो. मानेची पिसं फुलवून, एक पंख खाली सोडून तो तिरका चालू लागला की सावध व्हा. पळालात तर तो जिंकला. लाथ मारलीत तर त्याला हवी ती झुंज मिळाली. सूप किंवा घमेलं आडवं धरून जागेवर उभे राहा, तो बाजूला झाल्यावरच हळू पुढे व्हा. हे रोज करा, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने. लहान मुलांना मात्र खुराड्याजवळ एकटं सोडूच नका, त्याच्या पायामागची नखी डोळ्याला लागू शकते. 8-10 कोंबड्यांमागे एकच कोंबडा पुरतो. महिनाभरात फरक पडला नाही, तर त्याच्यापासूनची अंडी उबवायला खुडुक कोंबडीखाली ठेवू नका. तापटपणा पिल्लांतही उतरू शकतो.