एनएफएलचा १९३२ चा तक्ता कसा वाचावा

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या जुन्या हंगामांना आजचे नियम लावले, की विजेता चुकतो. १९३३ च्या आधी ठरलेला अंतिम सामना नसे. विजयाची टक्केवारी सर्वांत जास्त तो संघ विजेता, आणि ही टक्केवारी काढताना बरोबरीत सुटलेले सामने सरळ सोडून देत. हा हिशेब शिकायला १९३२ चा हंगाम सर्वांत चांगला, कारण संघ आठच होते आणि बरोबऱ्या भरपूर.

आधी विजय-पराभव-बरोबरी या क्रमाने आकडे मांडून घ्या. शिकागो बेअर्स ७-१-६, ग्रीन बे पॅकर्स १०-३-१, पोर्ट्समथ स्पार्टन्स ६-२-४, बॉस्टन ब्रेव्हज ४-४-२, न्यूयॉर्क जायंट्स ४-६-२, ब्रुकलिन डॉजर्स ३-९-०, शिकागो कार्डिनल्स २-६-२, स्टेटन आयलंड स्टेपलटन्स २-७-३. सामन्यांची संख्या सारखी नाही म्हणून दचकू नका. त्या काळी सगळ्या संघांना समान सामने मिळत नसत.

टक्केवारीला हात लावण्याआधी तक्ता तपासा. सगळ्यांचे विजय मिळून ३८, पराभवही ३८ आले पाहिजेत. बरोबरीचा सामना दोन संघांच्या खात्यात पडतो, म्हणून ती बेरीज सम यायला हवी. इथे २० येते, म्हणजे १० सामने. एकूण सामने ४८. बेरीज जुळली नाही तर बहुधा लीगबाहेरच्या संघाशी झालेला सामना आत शिरलेला असतो.

आता विजयांना विजय आणि पराभवांच्या बेरजेने भागा. बेअर्स ७ भागिले ८, म्हणजे .८७५. पॅकर्स १० भागिले १३, .७६९. स्पार्टन्स ६ भागिले ८, .७५०. विजेते बेअर्स.

इथे एक सामना वेगळा काढून पाहायलाच हवा. ठरलेले सामने संपले तेव्हा बेअर्स ६-१-६ आणि स्पार्टन्स ६-१-४ होते. दोघांचेही ६ भागिले ७,.८५७. आपसातले दोन्ही सामने १३-१३ आणि ७-७ असे सुटलेले, त्यामुळे तिथूनही निकाल लागेना. म्हणून १८ डिसेंबरला जादा सामना ठेवला. बर्फ आणि थंडीमुळे तो शिकागो स्टेडियमच्या छपराखाली, जेमतेम ८० यार्ड लांबीच्या मैदानावर झाला. बेअर्स ९-० ने जिंकले. हा सामना नेहमीच्या तक्त्यातच धरला गेला आणि हरलेले स्पार्टन्स थेट तिसऱ्या क्रमांकावर घसरले. याला अंतिम सामना समजून तक्त्याबाहेर ठेवणं ही सर्वांत नेहमीची चूक.

मग तेच आकडे आजच्या पद्धतीने काढा. १९७२ पासून बरोबरी म्हणजे अर्धा विजय, अर्धा पराभव. पॅकर्स १०.५ भागिले १४, .७५०. बेअर्स १० भागिले १४, .७१४. स्पार्टन्स ८ भागिले १२, .६६७. पॅकर्स वर येतात! जादा सामना वगळला तरी तेच पहिले. फक्त त्यांच्या मागे स्पार्टन्स.७२७ आणि बेअर्स .६९२ असा क्रम लागतो. १९२९ ते १९३१ अशी सलग तीन विजेतेपदं पॅकर्सकडे होती, हे चौथं ठरलं असतं. तरीही विजेतेपद त्यांचं होतं असं म्हणणं चूक आहे. ते १०-१-१ वर होते आणि शेवटचे दोन सामने नेमके स्पार्टन्स व बेअर्सकडून १९-० आणि ९-० असे हरले.

एवढ्या बरोबऱ्या का, हे नियमांत सापडतं. गोलपोस्ट एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागच्या रेषेवर असल्याने गुणांसाठीची किक लांबून मारावी लागे, आणि पुढे पास फेकायचा तर स्क्रिमेज रेषेच्या (जिथून प्रत्येक चाल सुरू होते त्या रेषेच्या) किमान ५ यार्ड मागून. बेअर्सचे पहिले तीनही सामने ०-० सुटले ते अशा दिवसांत. जादा सामन्यातला टचडाउनही (चेंडू एंड झोनमध्ये नेऊन मिळवलेले गुण) वादात सापडला: बेअर्सच्या नागुर्स्कीने आपल्याच संघातल्या ग्रेंजला पास दिला तेव्हा नागुर्स्की ५ यार्ड मागे नव्हता, अशी स्पार्टन्सची तक्रार होती. १९३३ मध्ये रेषेमागून कुठूनही पास देण्याची मुभा मिळाली, गोलपोस्ट गोलरेषेवर, म्हणजे एंड झोनच्या पुढच्या कडेवर आले, आणि दोन विभाग पाडून अंतिम सामना सुरू झाला.

अंतिम सामना आला तरी १९७१ पर्यंतचे विभागीय तक्ते बरोबरी वगळूनच वाचायचे. सरावासाठी १९३५ चा पश्चिम विभाग घ्या: डेट्रॉइट लायन्स (म्हणजे १९३४ मध्ये डेट्रॉइटला गेलेले स्पार्टन्सच) ७-३-२, पॅकर्स ८-४-०. जुन्या पद्धतीने लायन्स .७००, पॅकर्स .६६७, आजच्या पद्धतीने दोघेही.६६७.